सर्वांना सर्वोच्च प्राधान्य

रात्री साडेआठ ते दहा या वेळात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणी शांतपणे सोफ्यावर बसलेला दिसला, तर तो पाहुणा समजावा. सभासद उभे असतात. कुणी गॅलरीत, कुणी जिन्यात, कुणी लॉबीच्या छताला लावलेल्या पांढऱ्या डबीखाली हात उंच करून. प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द: ‘‘हॅलो.’’ मग जरा थांबून, ‘‘हॅलो?’’ आणि मग पलीकडचा माणूस जन्माचा बहिरा असल्यासारखं, ‘‘हॅऽऽलो!’’

सोसायटीने शंभर मेगाबिटची एक लाइन घेतली, मजल्यामजल्यावरच्या लॉबीत वायफायच्या डब्या बसवल्या आणि मेंटेनन्सच्या बिलात पाणीपट्टीच्या खाली ‘वायफाय’ अशी एक ओळ वाढली. आपल्याकडे वस्तू फुकट असली की माणूस तिचे गुण बघतो आणि बिलात आली की दोष. त्या महिन्यापासून तक्रारींच्या वहीत पाण्याच्या खालोखाल वायफायचा नंबर लागला.

नेट अडकलं की सभासद आधी स्पीड टेस्ट करतो. स्पीड टेस्ट म्हणजे लाइनीत किती मावतं हे बघण्यासाठी लाइन काठोकाठ भरून बघणं. ए विंगमधल्या एकाने ती केली की बी विंगमधल्या चौघांचं नेट अडकतं. ते चौघेही खात्री करून घेण्यासाठी स्पीड टेस्ट लावतात. त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट पडू लागतात, आणि ते बघायला उरलेले सगळे नेट चालू करतात. साडेनऊच्या सुमाराला लाइनीतून खरंखुरं काम असं काहीच जात नसतं. जात असतात त्या फक्त लाइनीच्या तक्रारी.

यात मी कसा सापडलो? लॉबीत कुणीतरी ‘‘तो डबा बंद पडलाय’’ म्हणालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.’’ सोसायटीत एखाद्या वस्तूचं खरं नाव माहीत असणं म्हणजे ती वस्तू सांभाळायला लेखी संमती देणं. पुढच्याच मासिक सभेच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे ‘नेटवर्क निमंत्रक’ असं छापून आलं. या पदाला मानधन नाही, खुर्ची नाही, पण रात्री सव्वाअकराला दाराची बेल वाजते.

टेक्निशियन म्हणून एक तरुण मुलगा आला. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप, आणि आपण कुठल्या लोकांत आलोय याची अजिबात कल्पना नाही. त्याने तासभर आकडे बघितले आणि म्हणाला, ‘‘साहेब, स्पीड भरपूर आहे. रांग मोठी आहे.’’

‘‘कसली रांग?’’ सेक्रेटरींनी विचारलं. रांग म्हटलं की आपण तिच्या पुढच्या टोकाला कसे जाऊ, हा विचार त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू होतो.

मुलाने समजावलं. राउटरमध्ये मेमरी असते. लाइनीत मावतील त्यापेक्षा जास्त पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, आले की ते मेमरीत साचतात आणि आपल्या पाळीची वाट बघतात. मेमरी स्वस्त झाली तशी कंपन्यांनी ती सढळ हाताने घातली, त्यामुळे रांगही लांबच लांब झाली. कुणाचा तरी फोन रात्री दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवत असतो आणि त्या ढिगाऱ्यामागे बी-४०२च्या आजींचा ‘हॅलो’ उभा राहतो. आवाजाच्या कॉलची पॅकेटं साधारणपणे सेकंदाला पन्नास निघतात. सगळी मिळून शंभर किलोबिटसुद्धा होत नाहीत, म्हणजे आपल्या लाइनीचा हजारावा भाग. पण ती वेळेवर पोचावी लागतात. बोलणं नैसर्गिक वाटायचं तर शब्द या कानातून त्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांत जावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने सांगून ठेवलंय. आमच्याकडे एवढ्या वेळात आजींचा ‘हॅ’ जेमतेम लॉबीत यायचा.

‘‘या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात,’’ मुलगा म्हणाला. ‘‘जिम गेटिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरचं नेट का रखडतं ते शोधता शोधता हे उघडकीला आणलं.’’

‘‘म्हणजे अमेरिकेतही हेच?’’ खजिनदारांना एकदम बरं वाटलं. अडचण आंतरराष्ट्रीय आहे म्हटल्यावर ती सोडवायचा खर्च टाळता येतो, असा त्यांचा अनुभव आहे.

‘‘उपाय आहे,’’ मुलगा म्हणाला. ‘‘क्यूओएस लावायचं. कुठलं पॅकेट आधी सोडायचं, कुठलं नंतर, ते आपण ठरवायचं.’’

‘‘आपण म्हणजे कोण?’’ सेक्रेटरी.

‘‘तुम्हीच. कमिटी.’’

त्या मुलाला कुणीतरी आधी सावध करायला हवं होतं.

विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. विषय क्रमांक १: सोसायटीच्या वायफायवरील पॅकेटांचा अग्रक्रम निश्चित करणे. विषय क्रमांक २: माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. आमच्याकडे लिफ्ट बदलायच्या सभेला कोरम झाला नव्हता. अर्धा तास तहकूब करून पाच जणांत आणि दोन ताटं वेफर्समध्ये ती उरकावी लागली होती. या सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत. गळणाऱ्या टाकीसाठी माणूस खाली उतरत नाही, पण आपल्या पुढे कोण जाणार हे ठरत असेल तर तो आजारपणातूनही उठून येतो.

पहिले बोलले ए-७०१चे शेअरवाले. ‘‘माझं एक पॅकेट उशिरा गेलं तर लाखाचा फरक पडतो.’’ हा लाख नफ्याचा की तोट्याचा, हे त्यांच्या मिसेसना ठाऊक होतं आणि त्या छताकडे बघत होत्या. शिवाय रात्री साडेआठला बाजार बंद असतो, हे त्यांना विचारण्याइतकं धैर्य कुणात नव्हतं.

क्लासवाल्या बाई म्हणाल्या, ‘‘माझ्यापुढे वीस मुलांचं भविष्य आहे.’’ त्यावर आयटीतल्या एकाने, ‘‘माझ्यापुढे क्लायंट आहे,’’ असं इतक्या खोल आवाजात सांगितलं की बाईंची वीस मुलं फिकी पडली. डॉक्टरांनी जिवाचा प्रश्न काढला. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत आणि रात्री फक्त क्रिकेट बघतात. पण ‘जीव’ हा शब्द उच्चारल्यावर सभेत उलट प्रश्न विचारायची पद्धत नाही.

निवृत्त डेप्युटी इंजिनिअर उभे राहिले. सोसायटी त्यांना डेप्युटीसाहेब म्हणते आणि ते सोसायटीला ‘हे लोक’ म्हणतात. ते म्हणाले, ‘‘अग्रक्रम सेवाज्येष्ठतेनुसार असावा. ज्याचं शेअर सर्टिफिकेट आधीचं, त्याचं पॅकेट आधी.’’ त्यांचं सर्टिफिकेट दुसऱ्या क्रमांकाचं आहे. पहिल्या क्रमांकाचे गृहस्थ फ्लॅट भाड्याने देऊन पुण्याला गेलेत, हेही त्यांनीच सांगितलं.

बी-४०२च्या आजी तेवढ्या गप्प होत्या. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला. आपली रात्र ती त्यांची सकाळ, म्हणून हीच वेळ त्यांना सापडते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘मला काही घाई नाही हो. सगळ्यांचं झालं की मग सोडा माझं.’’ सभेत टाळ्या पडल्या. आजींचा आदर्श सर्वांनी घ्यावा असं चेअरमन म्हणाले, आणि तो न घेता चर्चा पुढे सरकली.

वॉचमनला कुणी विचारलं नाही. गेटवरचा इंटरकॉम त्याच लाइनीवर आहे. पिझ्झावाला खाली उभा असतो आणि वॉचमन वरच्या मजल्याला ‘हॅलो, हॅलो’ करत असतो. पण तो सभासद नाही.

टेक्निशियनने जरा माहिती द्यावी, असं मी सुचवलं. निमंत्रक या नात्याने माझं बोलणं तेवढंच. त्या भल्या मुलाने सुरुवातच इतिहासापासून केली. १९८१ साली इंटरनेटच्या पॅकेटचा नमुना ठरला तेव्हाच त्यात अग्रक्रमासाठी तीन बिटांची जागा ठेवली होती. तीन बिटांत आठ पायऱ्या. खालपासून वर नावं अशी: रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड, क्रिटिक, आणि सगळ्यात वरच्या दोन खुद्द नेटवर्कच्या कारभारासाठी. अमेरिकी लष्कराच्या तारांना जी तातडीची दर्जावारी होती, तिच्यातूनच ही नावं आली.

‘‘मला फ्लॅश ओव्हरराइड लिहून घ्या,’’ शेअरवाले म्हणाले.

‘‘ती पद्धत आता गेली काका. १९९८ला त्याच जागेत सहा बिटांची खूण आली. ० ते ६३. आवाजाच्या पॅकेटवर ४६ लिहायचा रिवाज आहे.’’

‘‘६३ सगळ्यात मोठा ना? मग ६३.’’

‘‘तसं नसतं. आकडा मोठा म्हणजे मान मोठा असं नाही. ४६ म्हणजे ‘याला ताबडतोब सोडा’ अशी नुसती विनंती. सोडायचं की नाही ते पुढचा राउटर ठरवतो. आपल्या गेटबाहेर पडलं की कंपनी बहुधा ती खूण पुसून टाकते.’’

सभेत हळहळ पसरली. गाडीवरच्या लाल दिव्याचंही असंच होतं. १ मे २०१७पासून तो मंत्र्यांच्या गाड्यांवरूनसुद्धा उतरला, तरी मनावरचा अजून कुणाचाच उतरलेला नाही. आपल्या पॅकेटाला गेटच्या आत का होईना दिवा लागू शकतो, हे कळल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांत तो लुकलुकायला लागला.

मुलाला वाटलं, वातावरण हलकं करावं. त्याने एक गंमत सांगितली. १ एप्रिल २००३ रोजी स्टीव्हन बेलोविन या सुरक्षातज्ज्ञाने एक रीतसर मसुदा प्रसिद्ध केला. त्यात सुचवलं होतं की वाईट हेतूने पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटाने स्वतःवर ‘दुष्ट बिट’ लावून घ्यावं, म्हणजे फायरवॉलला ते ओळखणं सोपं जाईल. तारीख बघितल्यावर लोक हसले. आमच्या सभेत कुणी हसलं नाही. डेप्युटीसाहेब पुढे वाकून म्हणाले, ‘‘उत्तम सोय आहे. भाडेकरूंना लावता येईल का?’’

अखेर असं ठरलं की प्रत्येक सभासदाने एक फॉर्म भरावा. फॉर्म मी तयार केला. नाव, फ्लॅट क्रमांक, उपकरणांची यादी, कामाचे स्वरूप, आणि शेवटी तीन चौकटी: ‘साधे’, ‘तातडीचे’, ‘अतितातडीचे’. फॉर्म परत आले तेव्हा ‘साधे’ या चौकटीत एकही खूण नव्हती. ‘तातडीचे’मध्ये एक होती, ती खोडून शेजारी केली होती. सहा महिन्यांसाठी मुलीकडे बेंगळुरूला गेलेल्या जोडप्याने अतितातडीचा फॉर्म कुरिअरने पाठवला. शेअरवाल्यांनी उपकरणांच्या यादीत दोन लॅपटॉप, चार फोन, टीव्ही, एसी आणि फ्रिज लिहिला. फ्रिजला कशाची घाई, असं मी विचारलं. ‘‘आज नाही, पण पुढे लागली तर?’’

‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात एका दहावीतल्या मुलाने प्रामाणिकपणे ‘गेम’ लिहिलं होतं. त्याच्या वडिलांनी ते खोडून ‘संगणकीय संशोधन’ केलं. खरं म्हणजे त्या साऱ्या गठ्ठ्यात तातडी असलीच तर त्या मुलालाच होती. गेमची पॅकेटं लहान असतात, पण उशीर झाला की गडी मेलेला असतो.

आता क्रमांक द्यायची वेळ आली आणि चेअरमन म्हणाले, ‘‘बाकीच्यांचं काय ते नंतर बघा. माझा एक नंबर.’’

मी म्हटलं, ‘‘साहेब, जरा ऐका. राउटरवर १ हा पहिला आणि ८ शेवटचा. पण लॉबीतल्या वायरलेस डब्यांचं गणित वेगळं आहे. तिथे ० ते ७ आकडे, आणि ७ सगळ्यात वरचा.’’

‘‘मग १ कितवा?’’

‘‘शेवटचा. ० म्हणजे साधी रांग. १ आणि २ त्या शून्याच्याही खाली. त्यांना बॅकग्राउंड म्हणतात. सगळ्यांचं झाल्यावर जमलं तर जायचं.’’

चेअरमन माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. ‘‘शून्याच्या खाली एक? तुम्ही कॉमर्सचे ना?’’

मी कॉमर्सचाच आहे. वायरलेसवर आवाज, चित्र, साधं आणि बॅकग्राउंड अशा चार रांगा २००५च्या मानकात ठरल्या, आणि हे एक-शून्याचं उफराटं कलम त्याच्याही आधीपासून चालत आलंय, हे सगळं मी त्यांना समजावून बघितलं. पण संख्यारेषेची बाजू घेणाऱ्या चेअरमनपुढे कुठलंही मानक टिकत नाही. ‘‘दोन्हीकडे एकच लिहा. लेखी देतो.’’ त्यांनी लेखी दिलं. त्या रात्रीपासून सोसायटीत कुणीही काहीही बघायला लागलं, अगदी शेअरवाल्यांच्या फ्रिजने श्वास घेतला, तरी चेअरमनांचा कॉल लॉबीतल्या डबीत ताटकळायचा. मला फोन आला, अर्थात लँडलाइनवरून. ‘‘मी एक नंबरवर आहे ना नक्की?’’ ‘‘हो साहेब, दोन्हीकडे.’’ ‘‘मग बाकीच्यांची काय अवस्था असेल!’’ त्यांना मनापासून वाईट वाटलं.

दरम्यान टेक्निशियनने आणखी एक तांत्रिक बाब सभेपुढे ठेवली आणि जवळजवळ मार खाल्ला. तो म्हणाला, ‘‘रांग कंपनीच्या मशीनमध्ये लागली तर तिच्यावर आपला काही ताबा नाही. ती आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे. त्यासाठी आपल्या राउटरची मर्यादा लाइनीपेक्षा थोडी कमी ठेवायची. समजा शंभरच्या जागी नव्वद.’’

खजिनदार उभे राहिले. ‘‘पैसे शंभरचे भरायचे आणि नव्वद घ्यायचे?’’

‘‘हो, म्हणजे नव्वद नीट चालतील.’’

‘‘आणि वरचे दहा?’’

‘‘ते सोडायचे.’’

‘‘कुणाला?’’

यावर त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. आमच्या खजिनदारांनी आयुष्यात दूधवाल्याला दहा मिलिलिटर सोडलेले नाहीत. त्यांना त्या दहा मेगाबिटांत भ्रष्टाचाराचा वास आला. ते दहा मेगाबिट दरमहा जातात कुठे, याची चौकशी करण्यासाठी त्रिसदस्यीय उपसमिती नेमली गेली. उपसमिती अजून कार्यरत आहे.

दुसऱ्या सभेला चेअरमनांनी स्वतःच मोठ्या मनाने मांडलं, ‘‘एक नंबर, दोन नंबर हा भेदभाव नको. सहकारी संस्था आहे. सर्वांना सर्वोच्च प्राधान्य द्या.’’ ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सोसायटीच्या इतिहासात सर्वानुमते झालेला हा पहिला ठराव. सूचकाचं नाव लिहीपर्यंत अनुमोदक सतरा झाले. डेप्युटीसाहेबांनी फक्त एक उपसूचना मांडली: ‘सर्वांना सर्वोच्च, पण ज्येष्ठांना त्याहून किंचित वर.’ ती नोंद करून घेण्यात आली.

टेक्निशियन हात जोडून म्हणाला, ‘‘सगळेच वर गेले तर वर असं काही उरत नाही.’’ सेक्रेटरी म्हणाले, ‘‘ते तत्त्वज्ञान झालं. तुम्ही सेटिंग करा.’’ त्याने केलं. शेअरवाल्यांच्या फ्रिजसकट साऱ्या सोसायटीची पॅकेटं आवाजाच्या रांगेत चढली.

त्या रात्री जे झालं ते कळायला वायफायचा स्वभाव माहीत हवा. हवा सगळ्यांची एकच. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. त्यातही जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. म्हणून प्रत्येक उपकरण बोलण्याआधी कान देतं. हवा मोकळी झाली की लगेच तोंड उघडत नाही. मनात एक आकडा धरतं आणि तेवढे क्षण थांबतं. साध्या रांगेतलं उपकरण ० ते १५ मधला आकडा धरतं. आवाजाची रांग मानाची म्हणून तिला ० ते ३ एवढंच थांबायचं. दोघांनी एकच आकडा धरला तर दोघंही एकदम बोलतात आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. असं झालं की साधी मंडळी शहाणपणाने आपली मर्यादा वाढवत जातात, अगदी १०२३पर्यंत. मानाची मंडळी ७ च्या पुढे थांबायला तयारच नसतात.

आता सगळी सोसायटीच मानाची. ० ते ३ म्हणजे चार आकडे आणि ते धरणारे शेकडो. एकाच चॅनलवरच्या डब्या एकमेकींच्या अंगावर बोलायला लागल्या. सगळे एकदम बोलायचे, सगळ्यांचं वाया जायचं, जरा थांबायचे, पुन्हा सगळे एकदम बोलायचे. आमच्या सर्वसाधारण सभेचं हुबेहूब इतिवृत्त त्या रात्री हवेत चाललं होतं. भरीत भर म्हणजे बऱ्याच उपकरणांत साध्या रांगेतली पॅकेटं गठ्ठ्याने जातात आणि आवाजाच्या रांगेतली एकेक सुटी. त्यामुळे जे सिनेमे काल निदान अडखळत चालत होते ते आज जागेवर थिजले. नायिकेच्या डोळ्यांतला अश्रू गालावर यायला पाऊण तास लागला.

ग्रुपवर संदेश आला: ‘सर्वोच्च प्राधान्य देऊनही ही अवस्था, तर साध्या लोकांनी काय करायचं?’ त्यावर तेवीस अंगठे. सोसायटीत साधा असा कुणी शिल्लक नव्हता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा गुपचूप आला. म्हणाला, ‘‘साहेब, कुणाला न सांगता एक करू का? सगळे क्रमांक काढून टाकतो. एफक्यू-कोडेल लावतो.’’

हे प्रकरण मला फार आवडलं. यातला कोडेलचा भाग २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडला. आधी प्रत्येकाची वेगळी छोटी रांग करायची आणि पाळीपाळीने सगळ्यांना सोडायचं. ज्याचं मागणं थोडं आणि अधूनमधून, ते चटकन पुढे निघून जातं. ज्याचा ढीग, तो स्वतःच्याच ढिगामागे उभा राहतो. आणि पॅकेटं रांगेत ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ, सलग १०० मिलिसेकंद रेंगाळायला लागली, की त्यातलं एखादं उचलून टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला ते हरवल्याचं कळतं आणि तो आपला वेग कमी करतो. यात कुणाचं नाव विचारत नाहीत, हुद्दा विचारत नाहीत, सर्टिफिकेटचा क्रमांकही नाही. आजींचा ‘हॅलो’ मुळातच एवढासा. तो आपोआप सगळ्यांच्या पुढे. गेमवाल्या मुलाचंही तसंच, वॉचमनच्या इंटरकॉमचंही. शेअरवाल्यांच्या रात्रीच्या सिनेमांना आपापल्या ढिगात उभं राहावं लागतं, पण तेही चालतात. खजिनदारांच्या त्या दहा मेगाबिटांवर मुलाने त्याच हाताने पाणी सोडलं. मी बघितलं नाही. निमंत्रकाने काय बघायचं नाही, हे आता मला कळायला लागलंय.

त्या रात्री सोसायटीत कुणी ‘हॅलो’ म्हणालं नाही. म्हणजे एकदाच म्हणालं आणि पलीकडून उत्तर आलं. लोक सोफ्यावर बसले. आजी मुलाशी पाऊण तास बोलल्या आणि शेवटी विषय संपून दोघं एकमेकांना हवामान सांगायला लागले. पिझ्झा गरम पोचला. तक्रारींची वही आठवडाभर कोरी राहिली, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली.

भीती खरी ठरली. चेअरमन आले. ‘‘नेट उत्तम आहे. पण माझा क्रमांक कितवा?’’

‘‘साहेब, आता क्रमांकच नाहीत.’’

‘‘म्हणजे माझं आणि वॉचमनचं सारखं?’’

‘‘चालतंय ना पण?’’

‘‘चालण्याचा प्रश्न नाही.’’

पाठोपाठ डॉक्टर, क्लासवाल्या बाई, शेअरवाले. सगळ्यांचं नेट सुरेख चाललं होतं आणि सगळ्यांवर अन्याय झाला होता. तिसरी सभा बोलवायची मागणी आली. तेव्हा मी तोडगा काढला. म्हटलं, प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं स्वतंत्र वायफाय देऊ. फोनवर यादी उघडली की नाव दिसेल. लोक हरखले. ‘चेअरमन_स्पेशल’, ‘डॉक्टर_इमर्जन्सी’, ‘ज्येष्ठ_क्र_२’, ‘बुल_रन’. आतून सगळी नावं त्याच एका रांगेत जात होती. नावात आत काहीच नव्हतं, पण बाहेरून ते दिसत होतं. पाहुण्यांसमोर फोन उघडताना सभासदांची मान ताठ झाली.

नावं वाढली तसा मुलगा पुन्हा तक्रार घेऊन आला. वायफायचं प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी दवंडी देतं, आणि तीही अगदी सावकाश गतीने, म्हणजे जुन्यातल्या जुन्या फोनलाही कळावी. प्रत्येक डबी, प्रत्येक नाव, दहा-दहा दवंड्या. ‘‘साहेब, निम्मी हवा नुसतं नाव सांगण्यात चालली आहे. काम करायला जागा उरली नाही.’’ एखाद्या डबीवर तीन-चारपेक्षा जास्त नावं नसावीत असं तो म्हणत होता. आमच्याकडे साहित्य संमेलनाच्या पत्रिकेएवढी होती.

नावं काढा म्हणायची माझी छाती नव्हती. ते काम खजिनदारांनी एका वाक्यात केलं. त्यांनी नोटीस लावली: ‘स्वतंत्र नावाच्या वायफायसाठी पुढील महिन्यापासून दरमहा पन्नास रुपये.’

नोटिशीवरची शाई वाळायच्या आत अर्ज यायला लागले. डॉक्टरांनी लिहिलं, इमर्जन्सी अशी फारशी नसते. शेअरवाल्यांना आठवलं की बाजार साडेतीनला बंद होतो. क्लासवाल्या बाईंच्या मुलांचं भविष्य साध्या वायफायवरही घडू शकणार होतं. डेप्युटीसाहेबांनी ‘हे लोक’ फार महाग करतात असं म्हणत ज्येष्ठतेचा राजीनामा दिला. जे काम महिनाभरापूर्वी अतितातडीचं होतं, ते पन्नास रुपयांपुढे सवडीचं झालं. मोठमोठ्या इंजिनिअरांना न सुटलेला प्रश्न आमच्या खजिनदारांनी पावतीपुस्तकाने सोडवला.

आता हवा मोकळी आहे. यादीत सोसायटीचं एकच साधं नाव दिसतं, आणि त्याच्यावर ‘चेअरमन_स्पेशल’. ते काढावं असा ठराव आणायची कुणाची हिंमत नाही, आणि त्याची फी पहिल्या महिन्यापासून थकलेली आहे.